शून्य दुरुस्त्या

सकाळी सहा वाजून चाळीस मिनिटांनी मुकुंदराव हुपरीकरांच्या संगणकावर एक टॅब आपोआप उघडायचा, आणि त्याच्या पाच मिनिटं आधीपासून मुकुंदराव त्याच्यासमोर बसलेले असायचे. चहाचा कप डावीकडे, वही उजवीकडे, वहीवर लाल पेन्सिल. सांगलीतल्या एका छापखान्यात चाळीस वर्षं प्रुफं तपासलेल्या माणसाला लाल पेन्सिलीशिवाय नुसतं बसणंसुद्धा जमत नाही. घरात लग्नपत्रिका आली तर तारीख आणि वार जुळतात का ते आधी बघायचे, नवरानवरी कोण हे नंतर.

टॅब उघडला. पान आलं ‘समुद्रपक्षी’. आदल्या संध्याकाळी मुकुंदरावांनी लेकीला ‘बेट’ या पानावर सोडलं होतं, तिथून तिने ही उडी मारली होती. त्यांनी वहीत तारीख घालून नोंद केली, चहाचा घोट घेतला आणि पडद्याच्या कोपऱ्यातला बारीक आकडा बघितला. दुरुस्त्या: शून्य. तिच्या बाजूने शून्य, यांच्याही बाजूने शून्य. मुकुंदराव मनातल्या मनात खूश झाले. इतकं स्वच्छ प्रूफ त्यांच्या हाती आयुष्यात फार थोड्या वेळा आलं होतं.

लेक, म्हणजे ऋजुता, त्या वेळी दहा हजार किलोमीटरवर होती, अंटार्क्टिकाच्या अगदी आतल्या पठारावर. तिथल्या हिमगाभा केंद्रात एकवीस माणसं तीन किलोमीटर जाडीच्या बर्फाला भोक पाडत होती आणि लाखो वर्षांपूर्वी त्यात अडकलेली हवा बाहेर काढून तपासत होती. फेब्रुवारीत शेवटचं विमान परतलं की नोव्हेंबर उजाडेपर्यंत तिकडे कोणी जात नाही आणि तिकडून कोणी येत नाही. बायको, नलिनीताई, गेल्यावर दोन वर्षांनी ऋजूने हे काम घेतलं. बाप म्हणाला, ‘जा, चांगली संधी आहे.’ लेक गेली. तेव्हापासून घरात एक माणूस, एक पेटी आणि सकाळ-संध्याकाळचा एकेक टॅब, एवढंच उरलं होतं.

हा टॅबचा खेळ मात्र जुना. ऋजू सात वर्षांची असताना जालावरचा ज्ञानकोश उघडून बापलेक जेवणाच्या टेबलाशी बसायचे. दोघांच्या वाचायच्या तऱ्हा दोन टोकांच्या. ऋजूला दिसेल तो दुवा नव्या टॅबमध्ये उघडायची हौस. एक पान वाचून होईपर्यंत मागे चाळीस टॅब जमलेले, इतके चिंचोळे की कुठल्या टॅबमध्ये काय आहे हेही दिसायचं नाही. मुकुंदराव एकच टॅब वापरणार. दुवा त्यातच उघडायचा, शेवटच्या ओळीपर्यंत वाचायचा, मग मागे यायचं. नलिनीताई म्हणायच्या, “एक ताटातलं सगळं एकत्र कालवतेय, दुसऱ्याची भाजी संपल्याशिवाय आमटी चालत नाही. कसं व्हायचं तुमचं दोघांचं?” त्यातून भांडण नको म्हणून ‘सात उड्या’ निघाल्या. एका पानावरून सुरुवात. आळीपाळीने एकेकाने एकच दुवा उघडायचा. सलग दोन उड्या कुणी मारायच्या नाहीत. सातवी उडी ज्याची, त्याने त्या पानावर गोष्ट सांगायची, खरी किंवा खोटी. पुढचा डाव दुसऱ्याने सुरू करायचा, पान त्याच्या मर्जीचं.

केंद्रात गोष्ट सांगायची सोय नव्हती. उपग्रह दिवसातून दोनदा, अकरा-अकरा मिनिटं दिसणार, त्यात सगळी जागा बर्फाच्या आकडेवारीला. घरच्यांच्या वाट्याला चार शितं. म्हणून मुकुंदरावांनी वहीच्या मागच्या बाजूला दोन याद्या ठेवल्या होत्या. ‘ऋजूने सांगायच्या’ आणि ‘मी सांगायच्या’. ती परत आली की दोघं एकेक गोष्ट संपवणार होते. दोन्ही याद्या मिळून आता सत्तरच्या घरात गेल्या होत्या, आणि रात्रीचं एकट्याचं जेवण झालं की मुकुंदराव कधीकधी त्या नुसत्या वाचून काढत.

चार शितांत खेळ कसा बसवायचा, याची युक्ती पेटीत होती. जायच्या आदल्या दिवशी ऋजूने ती संगणकाशेजारी मांडली आणि बापाला समजावून सांगितलं.

“बाबा, या पेटीत मी एक छोटी ऋजू ठेवून जातेय. आणि माझ्या पेटीत एक छोटे तुम्ही.”

“छोटी ऋजू काय करणार?”

“अंदाज. गेली पंधरा वर्षं मी कुठल्या पानावर किती थांबते, कुठला दुवा समोर उघडते, कुठला मागच्या टॅबमध्ये टाकून ठेवते, कुठल्यावर बाण नेऊन परत फिरवते, हे सगळं न्याहाळकाला ठाऊक आहे.” ब्राउझरला न्याहाळक म्हणायचं, हा बापाच्या घरातला कायदा होता. “त्यावरून तो सांगतो की या पानावर ही पोरगी हा दुवा उघडणार. पान तुमच्या पेटीत आधीच उतरवून ठेवतो आणि सकाळी टॅब उघडतो. माझी उडी खरोखर तीच असेल तर मला इथून काहीच पाठवायला लागत नाही. अंदाज चुकला तरच मी दुरुस्ती पाठवायची, इवलीशी. दूधवाल्यासारखं आहे बघा. रोज एक लिटर ठरलेलं. पाहुणे आले तरच दाराला चिठ्ठी लावायची. चिठ्ठी नाही म्हणजे रोजचंच.”

मुकुंदरावांना हे फार आवडलं. चुकलं तरच खूण करायची. म्हणजे प्रूफच की.

पहिल्या महिन्यात दुरुस्त्यांचा पाऊस पडला. हळूहळू पेट्या शिकत गेल्या. मुकुंदरावांच्या लक्षात आलं की पानावर एक दुवा फिका पिवळा दिसतो. हे पान आधीच उतरवून ठेवलंय, असा त्याचा अर्थ. म्हणजेच यांच्याबद्दल पेटीने बांधलेला अंदाज. पिवळा दुवा उघडला की दुरुस्ती शून्य. दुसरा उघडला की आकडा एकाने वाढला. झालं! ज्याने चाळीस वर्षं चुकांचा आकडा खाली आणण्यात घालवली, त्याच्यासमोर चुकांचा आकडा ठेवल्यावर दुसरं काय होणार? मुकुंदराव पिवळा दुवा उघडू लागले. ऑगस्टच्या दोन तारखेला त्यांची शेवटची दुरुस्ती झाली, त्यानंतर एकही नाही. काही आठवड्यांनी ऋजूच्या बाजूचा आकडाही शून्यावर आला, तेव्हा त्यांना वाटलं, पोरगी शेवटी आपल्या वळणावर गेली.

महिन्याच्या शेवटच्या रविवारी फोन यायचा. पाच मिनिटं. बोललेलं पोचायला वेळ लागतो, त्यामुळे दोघंही एकमेकांच्या बोलण्यावर आदळत, मग दोघंही गप्प होत, मग दोघंही ‘बोल, बोल’ म्हणत. ऑक्टोबरच्या फोनवर ऋजू म्हणाली, “बाबा, एक विचारायचं होतं. इथले प्रमुख म्हणतायत की अजून एक हिवाळा थांब. भोक आता तळापाशी आलंय. पाच नोव्हेंबरच्या संध्याकाळपर्यंत नाव द्यायचंय.”

अजून एक हिवाळा म्हणजे अजून एक अख्खं वर्ष.

“थांबू का?” तिने विचारलं.

“तुला योग्य वाटेल ते कर,” मुकुंदराव म्हणाले. आवाज अगदी सरळ. “इथे सगळं व्यवस्थित आहे. माझी काळजी करू नकोस.”

खरखर झाली. मग तिचा आवाज आला. “खेळ चाललाय ना?”

“म्हणजे काय! तीन महिन्यांत माझी एक दुरुस्ती नाही.”

पुन्हा खरखर. या वेळी जरा जास्तच लांबली. “हो,” ती म्हणाली. “पाहिलं मी.” आणि मागून दुसऱ्या कुणाची तरी पाळी आली म्हणून फोन ठेवला.

तिचा तो ‘हो’ मुकुंदरावांना उगाच दिवसभर टोचत राहिला. पण कौतुकाने गळा भरून आला असेल, अशी त्यांनी स्वतःची समजूत काढली. माणूस स्वतःची समजूत काढायला बसला की त्याला प्रूफ तपासायची गरज वाटत नाही.

एक नोव्हेंबरला केंद्राचं मासिक पत्रक आलं. घरच्यांसाठी काढतात ते. मुकुंदराव सवयीने पेन्सिल घेऊन बसले. पहिल्या पानावर दोन चुका सापडल्या, तिसऱ्या पानावर एक वाक्य सापडलं. ‘चौदा ते सतरा ऑक्टोबर या काळात वादळाने अँटेना उखडल्यामुळे केंद्राचा बाहेरच्या जगाशी संपर्क पूर्णपणे तुटला होता.’

त्यांनी ते वाचलं. वही उघडली. चौदा ऑक्टोबर सकाळ, ऋजूची उडी, ‘शंख’. पंधरा ऑक्टोबर, ‘चुनखडी’. सोळा, ‘रंग’. सतरा, ‘डाळिंब’. टॅब चारही सकाळी सहा चाळीसला उघडले होते, मिनिटाचाही फरक नाही.

तारीख चुकली असेल, असं आधी वाटलं. पण तारखांच्या बाबतीत मुकुंदराव आपल्या वहीवर जितका विश्वास टाकत तितका कॅलेंडरवरही टाकत नसत. दुसऱ्या दिवशी सकाळचा टॅब येऊन गेल्यावर त्यांनी पेटी टॉवेलात गुंडाळली, पिशवीत घातली आणि मिरजेची बस धरली.

मिरजेत तबस्सुम मुजावरचं दुकान होतं. ऋजूची शाळेतली मैत्रीण, दहावीपर्यंत एका बाकावर बसलेली. संगणक, पेट्या, घरात काय काय आपोआप चालतं ते सगळं दुरुस्त करायची. काकांना बघून तिने समोरच्या खुर्चीवरचं वायरींचं भेंडोळं उचललं.

“बसा की काका. टॉवेलात काय आणलंय, लोण्याचा गोळा?”

मुकुंदरावांनी सगळं सांगितलं. तबस्सुमने पेटीला आपला पडदा जोडला आणि तारखा खालीवर सरकवून बघितल्या.

“ऋजूची शेवटची दुरुस्ती अकरा सप्टेंबरला आलीय,” ती म्हणाली. “त्यानंतर काही नाही.”

“म्हणजे ती त्यानंतर खेळलीच नाही?”

“तसं नाही सांगता येत. खेळली आणि प्रत्येक वेळी पेटीचा अंदाज खरा ठरला, तरी काही येणार नाही. खेळली नाही, तरी काही येणार नाही. पेटीला दोन्ही सारखंच. काका, घराला कुलूप असलं तरी दूधवाला दूध घालतच राहतो. चिठ्ठी नाही ना दाराला.”

“ऋजू आणि पन्नास दिवस अंदाजाप्रमाणे वागेल?” मुकुंदराव म्हणाले. “त्या पोरीने आयुष्यात कधी सरळ दुवा उघडला नाही.”

हे बोलल्यावर त्यांचं त्यांनाच काय ते समजलं. पन्नास सकाळी ते एका पेटीला गुड मॉर्निंग म्हणत होते. चहा घेऊन तयार बसत होते, केससुद्धा विंचरून.

तबस्सुमने आणखी काहीतरी उघडलं आणि तिच्या कपाळाला आठी पडली. “काका, रागावू नका. पण तुम्ही कधीपासून खेळत नाही?”

“मी? मी रोज खेळतो! एक दिवस चुकवला नाही!”

“मग दोन ऑगस्टनंतर तुमची एकही दुरुस्ती कशी नाही?”

मुकुंदरावांनी पिवळ्या दुव्याचं सांगितलं. सांगताना त्यांचा आवाज बारीक होत गेला. हसावं की काय करावं, हे तबस्सुमला कळेना.

“म्हणजे तुम्ही मुद्दाम शून्य ठेवलं?”

“चूक दिसली की काढायची. सवय आहे.”

“अहो काका, तिच्या बाजूने बघा की. दोन ऑगस्टपासून तुमच्या घराला कुलूप आहे. तिच्या पडद्यावर तुमचे टॅब उघडतायत, पण तुम्ही उघडलेले आहेत असं तिला सांगणारं काही नाही. तिला वाटलं असणार, बाबांनी खेळ सोडला. वाईट वाटू नये म्हणून सांगत नाहीयेत.” ती जरा थांबली. “आणि तिने लगेच नाही सोडलं. हे बघा, सप्टेंबरच्या पाचपासून अकरापर्यंत. रोज दुरुस्ती आहे.”

तिने वाचून दाखवलं. अंदाज होता ‘वातावरण’, ऋजूने उघडलं ‘हळद’. अंदाज होता ‘मसाले’, उघडलं ‘सांगली’. अंदाज ‘नदीचं खोरं’, उघडलं ‘कृष्णा नदी’. अंदाज ‘कागद’, उघडलं ‘छापखाना’. सात दिवस, सात उड्या, सगळ्या घराच्या दिशेच्या.

मुकुंदरावांनी पिशवीतून वही काढली. ते सात दिवस त्यांना आठवत होते. सकाळी ती ‘सांगली’वर आली, तेव्हा संध्याकाळी त्यांनी पिवळा दुवा बघून तिला ‘अक्षांश व रेखांश’वर नेलं होतं. ‘कृष्णा नदी’वर आली, तेव्हा ‘गाळाची मृदा’वर. आणि समासात प्रत्येक दिवशी लाल पेन्सिलीचं प्रश्नचिन्ह होतं. अकरा तारखेला त्यांनी लिहिलं होतं, ‘ऋजूचं लक्ष नाही.’

त्यांनी वही मिटली. तबस्सुमने चहा मागवला, तो निवला.

“पोरगी दार वाजवत होती,” ते शेवटी म्हणाले. “आणि मी आतून तिचं शुद्धलेखन तपासत होतो.”

“मेल पाठवा की तिला. आजच. दोन वाक्यं.”

घरी येऊन मुकुंदराव मेल लिहायला बसले. पहिल्या मजकुरात अकरा ओळी होत्या. वाचून बघितल्यावर त्यांना तो पसरट वाटला, म्हणून सहा केल्या. त्यातलं ‘तुझी फार आठवण येते’ हे जरा भडक वाटलं, ते काढलं. ‘मी एकटा आहे’ यात तक्रारीचा सूर लागतो, तेही काढलं. तिच्या कामात आपण आडवं येणं बरं नव्हे, म्हणून आणखी एक ओळ गेली. शेवटी पडद्यावर उरलं, ‘प्रिय ऋजू, तुला योग्य वाटेल ते कर.’ मुकुंदरावांनी ते बघितलं आणि संगणकाचा पडदाच बंद केला.

तीन तारखेला त्यांनी तबस्सुमला फोन केला. दुवे कसे उघडावेत, हे ठरवायची पाटी पेटीत कुठे असते, ते विचारलं. तिने एकेक पायरी सांगितली. याच टॅबमध्ये उघडा, नव्या टॅबमध्ये उघडा, मागच्या मागे उघडून ठेवा, अंदाजाने उघडा. सगळ्यात खाली एक ओळ होती, जिला कधी कुणी हात लावत नाही. ‘माणसाचा हात लागल्याशिवाय उघडू नका.’

“ते केलं तर काय होईल?”

“मग तिच्या पाळीला टॅब येईल, पण कोरा. तिने तिकडे खरंच दुवा उघडला तरच त्यात पान दिसणार. नाहीतर कोराच राहणार. आणि तिच्याकडेही तसंच, तुमच्या पाळीला कोरा.” तबस्सुमचा आवाज हळू झाला. “काका, कदाचित तो कायमचाच कोरा राहील. मनाची तयारी ठेवा.”

मुकुंदरावांना फोन ठेवल्यावर लगेच बोट पुढे करवलं नाही. खोटा का होईना, सकाळी एक टॅब उघडत होता. खोट्या का होईना, ऋजूसारख्याच उड्या होत्या. ‘डाळिंब’ बघून त्यांना त्या दिवशी किती बरं वाटलं होतं. ती लहानपणी डाळिंबाचे दाणे मोजून खायची, ते आठवलं होतं. ती उडी तिची नव्हती म्हणून आठवण काय खोटी होती? असंच चालू ठेवलं तर पुढचं वर्षही निघून जाईल. ती तिकडे बर्फात, हे इकडे, आणि मधे दोन पेट्या एकमेकींशी सात उड्या खेळत बसतील. माणसं नसली तरी त्यांचं काही अडणार नाही.

तेवढ्या एका विचाराने त्यांनी ती ओळ निवडली.

त्या संध्याकाळी सव्वापाचला उपग्रह आला. पान होतं ‘मीठ’, त्या डावातली पहिली उडी. पिवळ्या रंगात ‘समुद्र’. मुकुंदरावांनी बाण तिथून उचलला. त्यांनी ‘लोणचं’ उघडलं. कोपऱ्यातला आकडा एक झाला. तीन महिन्यांतली त्यांची पहिली चूक.

चार तारखेला सकाळी सहा चाळीसला टॅब उघडला, कोरा. पांढरा पडदा, वरती एक बारीक कुरळी रेघ फिरत राहिलेली. सहा एक्कावन्नला उपग्रह बुडाला, रेघ थांबली. मुकुंदरावांचा चहा तसाच राहिला. दिवसभर त्यांनी तो टॅब मिटला नाही. जो माणूस आयुष्यात कधी दोन टॅब उघडे ठेवत नव्हता, तो भात लावताना, कपडे वाळत घालताना येऊन येऊन त्या कोऱ्या टॅबकडे बघत होता. ऑगस्टपासून तिला तिकडे जे वाटलं असेल ते त्यांना आता कळत होतं, आणि ते एका दिवसातच नकोसं झालं.

संध्याकाळी त्यांची पाळी नव्हती. तिने उडी मारलेली नसताना यांनी मारणं म्हणजे नियम मोडणं. छापखान्यात नियम मोडणाऱ्याला मुकुंदरावांनी कधी दयामाया दाखवली नव्हती. सव्वापाचला ते समोर बसले, आणि त्यांनी ‘लोणचं’वरून ‘कैरी’वर उडी मारली. लगेच दुसरी, ‘उन्हाळा’. तिसरी, ‘सुट्टी’. पिवळा दुवा दिसला की तो टाळायचा, एवढंच. दुरुस्त्या दोन, तीन, चार. पुढची ‘प्रवास’. अकरा मिनिटांतली आठ गेली होती. ‘प्रवास’ या पानाच्या अगदी तळाशी, जिथे कुणी पोचत नाही तिथे, त्यांना हवा होता तो दुवा सापडला. ‘घर’.

‘मीठ’पासून मोजली तर सातवी उडी. सातवी उडी ज्याची, त्याने गोष्ट सांगायची.

दुरुस्तीसोबत एक छोटी चौकट यायची, ‘कारण, असल्यास’. चाळीस अक्षरं. बापलेकींपैकी कुणीही ती कधी भरली नव्हती. ऋजू सात दिवस दार वाजवत होती तेव्हासुद्धा तिने ती कोरीच ठेवली होती. शेवटी मुलगी कुणाची! मुकुंदरावांनी चौकटीत लिहिलं, ‘योग्य वाटेल ते करू नकोस. घरी ये. मला करमत नाही.’ वाचून बघायचा मोह झाला. एकदा वाचलं की काहीतरी काढावंसं वाटणार, हे त्यांना आता ठाऊक होतं. न वाचता त्यांनी बटण दाबलं. त्यांच्या हातून न तपासता गेलेला तो पहिला मजकूर.

पाच तारखेची सकाळ कोरीच गेली. मुकुंदरावांनी चहा केलाच नाही. दुपारी तबस्सुमचा फोन आला, ‘काही आलं का काका?’ ते म्हणाले, ‘नाही.’ ती म्हणाली, ‘मी संध्याकाळी येऊ का?’ ते म्हणाले, ‘नको.’ पुढच्या हिवाळ्यासाठी नाव द्यायची मुदत संध्याकाळची. तिकडे आता सूर्य मावळतच नसेल, संध्याकाळ कशाला म्हणत असतील, असला काहीतरी विचार करत ते खुर्चीत बसून राहिले.

सव्वापाच झाले. टॅब आला. कोरा. कुरळी रेघ फिरू लागली. पाच अठरा. पाच वीस. पाच तेवीसला मुकुंदरावांनी डोळे मिटले.

उघडले तेव्हा पडद्यावर अक्षरं होती. नव्या डावाचं पहिलं पान. पेटीचा अंदाज होता ‘बर्फ’. ऋजूने उघडलं होतं ‘लोणचं’. कोपऱ्यात तिच्या नावापुढे आकडा होता, एक. आणि खाली, आजवर कोऱ्या राहिलेल्या चौकटीत, चाळीस अक्षरांत बसेल एवढंच.

‘बाबा, नियम मोडलात. गोष्ट तुमच्यावर. आल्यावर ऐकते.’

मुकुंदरावांनी ते तीनदा वाचलं. ‘आल्यावर’ या शब्दावर बोट ठेवून आणखी एकदा. मग चष्मा काढला, कारण त्याचा काही उपयोग होईना. नोव्हेंबरात कैऱ्या कुठून आणायच्या, लिंबाचं चालेल का, नलिनीची कृती कुठल्या वहीत आहे, असं सगळं एकदम डोक्यात गर्दी करून आलं, आणि मोठ्या आवाजात, रिकाम्या घरात, ते म्हणाले, “ये गं बाई. लवकर ये.”

उपग्रह बुडाला तरी त्यांनी टॅब मिटला नाही. वही ओढून मागच्या यादीत, ‘मी सांगायच्या’ खाली, ‘घर’ असं लिहिलं. मग पुढची बाजू उलटून सप्टेंबरच्या पानावर आले. तिथली सात लाल प्रश्नचिन्हं त्यांनी खोडरबराने एकेक करून पुसली. आणि पानाच्या तळाशी, चाळीस वर्षं प्रत्येक शेवटच्या प्रुफावर लिहीत आले तेच शब्द, त्याच वळणात लिहिले, ‘छापायला हरकत नाही.’ खाली सही केली, मु. हुपरीकर.